घर आणि कर्ज (लेखांक सातवा) : कर्ज दुसरीकडे न्यावे की आहे तेथेच फेडावे?

मागील लेखांकात आपण मासिक हप्त्याची अंतर्रचना तपासली. हप्त्याची रक्कम वरकरणी दरमहा एकसारखी असली तरी तिच्या पोटात व्याज आणि मुद्दल यांचे प्रमाण महिन्यागणिक पालटत असते, आरंभीच्या वर्षांत तिचा मोठा वाटा व्याजातच जिरतो आणि मुद्दलाला खऱ्या अर्थाने हात लागतो तो मुदतीच्या उत्तरार्धात, हे त्या विवेचनाचे सार होते. आजचा प्रश्न त्यातूनच निघतो. एका बँकेचे गृहकर्ज चालू असताना दुसरी बँक कमी व्याजाने तेच कर्ज आपल्याकडे घ्यावयास तयार असते. मित्र, सहकारी आणि दूरध्वनीवरून बोलणारे प्रतिनिधी या स्थलांतराची, म्हणजे व्यवहारात ज्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात त्याची, भलामण करीत असतात. आणि ज्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे देणे हेच असते असा मध्यमवर्गीय गृहस्थ, दरातील पाऊण टक्क्याच्या फरकाला भुलून घाईने सही करतो किंवा कागदपत्रांच्या खटाटोपाला भिऊन वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो. दोन्ही वर्तने नुकसानीची आहेत, कारण दोहोंतही हिशेब नाही. हा हिशेब साधे गणित येणाऱ्या कोणालाही मांडता येतो, आणि तो मांडताना हप्त्याच्या रकमेकडे न पाहता उरलेल्या मुदतीत एकूण किती रुपये घराबाहेर जाणार याकडे पाहावे, एवढेच या लेखांकाचे मुख्य सांगणे आहे.

एकाच इमारतीत निरनिराळे दर

हा प्रश्न आज इतक्या घरांत का उपस्थित झाला आहे, हे समजण्यासाठी व्याजदराच्या अलीकडील इतिहासाकडे एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत शेकडा ४ होता. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो चढत चढत ६.५० वर गेला, तेथे दोन वर्षे स्थिरावला आणि २०२५ साली फेब्रुवारी, एप्रिल, जून व डिसेंबर अशा चार टप्प्यांनी ५.२५ वर उतरला. दर चढला तेव्हा तो बहुतेक ऋणकोंपर्यंत त्वरेने पोहोचला. उतरला तेव्हा मात्र ज्याच्या त्याच्या कराराप्रमाणे कोणाला लवकर, कोणाला उशिरा आणि कोणाला अर्धामुर्धाच लाभ मिळाला.

याचे कारण असे की, बदलत्या व्याजदराचे कर्ज कोणत्या आधारदराला बांधलेले आहे हे ते केव्हा व कोणाकडून घेतले यावर अवलंबून असते. जुलै २०१० पासून बँकांनी बेस रेटची पद्धत स्वीकारली, एप्रिल २०१६ पासून एमसीएलआरची, आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून घेतलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य आधारदराशी जोडणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले. बाह्य आधारदराशी जोडलेल्या कर्जात दराची फेररचना किमान तीन महिन्यांतून एकदा करावी लागते, म्हणून तेथे कपातीचा लाभ फार काळ अडून राहत नाही. पण जुन्या पद्धतीत राहून गेलेले खातेदार, तसेच ज्यांना हा बाह्य आधारदराचा दंडक लागू नाही अशा गृहवित्त कंपन्यांचे ऋणको, त्या त्या संस्थेने स्वतः ठरवलेल्या दराच्या गतीने चालतात. त्यामुळे एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या, सारख्याच क्षेत्रफळाचे घर घेतलेल्या दोन कुटुंबांच्या व्याजदरांत एक टक्क्याचे अंतर आढळले तर त्यात नवल नाही.

यास्तव पहिले कर्तव्य म्हणजे आपले कर्ज कोणत्या आधारदराशी बांधलेले आहे, त्यावर स्प्रेड किती आकारला आहे आणि हप्ते किती उरले आहेत, या तीन गोष्टींची बँकेकडून लेखी रुजवात करून घेणे. तिसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. २०२२-२३ मध्ये दर वाढले तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली, आणि आपले वीस वर्षांचे कर्ज तेवीस-चोवीस वर्षांचे झाले आहे याची पुष्कळांना वार्ताही नव्हती. ही स्थिती ध्यानी घेऊन रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने असा दंडक घातला की, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड ऋणकोला द्यावी, आणि दर तिमाहीस त्याला असे विवरण द्यावे की ज्यात आजवर वसूल झालेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, शिल्लक हप्त्यांची संख्या आणि वार्षिक दर हे सर्व नमूद असेल. हे विवरण हाती घेतल्यावाचून पुढील हिशेबाला आरंभच होऊ शकत नाही.

जाण्याचा हक्क

कर्ज मुदतीपूर्वी फेडून दुसरीकडे जाण्याची मोकळीक आज आपण गृहीत धरतो. परंतु ती फार जुनी नाही. पूर्वी बँका मुदतपूर्व फेडीवर शिल्लक मुद्दलाच्या शेकडा दोनपर्यंत दंड आकारीत, आणि त्या दंडात स्थलांतराचा सारा लाभ बुडून जात असे. एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालील ग्राहकसेवा समितीने २०११ साली या प्रथेवर बोट ठेवले, आणि जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जांवर असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. गृहवित्त कंपन्यांच्या बाबतीत राष्ट्रीय आवास बँकेनेही त्याच सुमारास तशीच दिशा धरली. पुढे २०१४ साली ही मनाई व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या सर्व मुदतकर्जांना लागू झाली, आणि १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांसाठी मुदतपूर्व फेडीचे नियम एकत्रित करून अधिक स्पष्ट करण्यात आले. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे करारात दंडाचे कलम असू शकते, म्हणून असा ऋणको असेल तर त्याने आपल्या करारातील ते कलम प्रथम वाचावे.

दंड गेला म्हणजे खर्च गेला असे नव्हे. बाहेर पडण्याचे दार खुले झाले असले तरी नव्या दारात प्रवेश करण्याचे मोल द्यावेच लागते, आणि ते मोल नेमके किती, हे बहुधा प्रतिनिधी अर्धेच सांगतो.

एका खात्याचा हिशेब

आता एक खाते डोळ्यांसमोर ठेवू. कल्पना करा की, एका गृहस्थाने शेकडा ९ दराने वीस वर्षांसाठी ४० लाख रुपयांचे कर्ज घेतले. त्याचा हप्ता ३५,९८९ रुपये. पाच वर्षांत त्याने साठ हप्ते, म्हणजे सुमारे २१ लाख ५९ हजार रुपये भरले. परंतु त्यातील सुमारे १७ लाख ८ हजार व्याजापोटी गेले आणि मुद्दल उतरले ते अवघे साडेचार लाख. आज त्याच्या नावे ३५,४८,२८० रुपये शिल्लक आहेत, १८० हप्ते उरले आहेत आणि दुसरी बँक त्याला शेकडा ८.२५ दराने कर्ज देऊ करते.

नवे कर्ज त्याने उरलेल्या मुदतीपुरतेच, म्हणजे पंधरा वर्षांसाठीच घेतले, तर हप्ता ३४,४२३ रुपये बसेल. दरमहा १,५६६ रुपये वाचतील, आणि १८० महिन्यांत ही बचत २ लाख ८२ हजारांच्या घरात जाईल. आता यातून खर्च वजा करू. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी अर्धा टक्का धरली तर १७,७४१ रुपये; तिच्यावर शेकडा १८ दराने वस्तू व सेवा कर ३,१९३ रुपये. घराचे मूळ दस्तऐवज नव्या बँकेकडे तारण ठेवणे हा महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कास पात्र व्यवहार आहे. पाच लाखांवरील कर्जास शेकडा ०.३ हा दर धरता १०,६४५ रुपये होतात, मात्र मुद्रांकाचे दर वेळोवेळी बदलत असल्यामुळे त्या दिवशीचा दर नोंदणी व मुद्रांक विभागाकडून पडताळून घ्यावा. वकिलाचा शोध अहवाल आणि मूल्यांकन यांसाठी ६,००० रुपये, आणि दुय्यम निबंधकाकडील सूचनापत्र, केंद्रीय तारण नोंदवहीतील नोंद, प्रतिज्ञापत्रे इत्यादींसाठी २,००० रुपये धरू. शेवटचा खर्च सहसा कोणी मोजत नाही: नव्या बँकेचे व्याज धनादेश काढल्या दिवसापासून सुरू होते आणि जुनीचे तो वटून जमा होईपर्यंत चालू राहते; या दुहेरी व्याजाचे सात दिवस धरले तर दिवसाला सुमारे ८७५ रुपयांप्रमाणे ६,१२५ रुपये. एकूण खर्च ४५,७०४ रुपये.

हा खर्च किती महिन्यांत भरून निघेल? हप्त्यातील १,५६६ रुपयांच्या फरकाने भागाकार केला तर एकोणतीस महिने येतात. परंतु हा भागाकार अपुरा आहे. पहिल्या महिन्यात जुन्या दराने २६,६१२ रुपये व्याज पडले असते, नव्या दराने २४,३९४ पडेल. म्हणजे खरी बचत २,२१८ रुपयांची आहे, जिच्यापैकी १,५६६ रुपये हातात राहतात आणि उरलेले ६५२ रुपये न दिसता मुद्दलात जिरून कर्ज अधिक वेगाने उतरवतात. या खऱ्या बचतीने मोजता खर्च सुमारे एकवीस महिन्यांत निघतो. हे घर पुढील दोन वर्षांत विकावयाचे नसेल, आणि निवृत्तीच्या वा अन्य रकमेने कर्ज एकदमच फेडून टाकण्याचा बेत नसेल, तर या गृहस्थाला स्थलांतर लाभदायक आहे. खर्च वजा जाता त्याच्या पदरी सुमारे २ लाख ३६ हजार रुपये पडतात.

त्याने आणखी थोडी शिस्त पाळली आणि नव्या बँकेतही जुनाच ३५,९८९ रुपयांचा हप्ता चालू ठेवला, तर १८० ऐवजी १६६ हप्त्यांत, आणि तोही शेवटचा हप्ता अपुरा, कर्ज फिटते. खर्चापूर्वीची बचत सव्वापाच लाखांच्या वर जाते. दर कमी झाला म्हणून हप्ता कमी करून घेण्यापेक्षा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेणे ज्याला झेपेल, त्याने तेच करावे.

आता हेच खाते त्याच्या उतारवयात पाहू. समजा, फक्त अठ्ठेचाळीस हप्ते उरले आहेत. शिल्लक असते सुमारे १४ लाख ४६ हजार, दर ८.२५ झाला तर हप्ता अवघ्या ५१३ रुपयांनी उतरतो आणि चार वर्षांची सारी बचत २४,६०० च्या आसपास भरते, तर वरील रीतीने मांडलेला खर्च २३,४०० च्या घरात जातो. दरातील फरक तोच पाऊण टक्का, पण श्रम आणि वेळ मोजले तर हाती काहीच नाही. शेवटच्या वर्षांत हप्त्यातील व्याजाचा अंशच इतका क्षीण झालेला असतो की, दर उतरवून वाचवण्याजोगे फारसे उरत नाही. एवंच, स्थलांतराचा विचार करावयाचा तो कर्जाच्या पूर्वार्धात. उत्तरार्धात त्याची फलश्रुती झपाट्याने घटत जाते.

मुदत नव्याने सुरू करण्याचा धोका

या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोठी हानी दराने होत नाही, ती मुदतीने होते. नवी बँक जेव्हा आपला तक्ता पुढे करते, तेव्हा त्यात बहुधा वीस वर्षांची मुदत छापलेली असते. आपल्या उदाहरणातील गृहस्थाने ८.२५ दराने पुन्हा वीस वर्षांसाठी कर्ज घेतले तर हप्ता ३०,२३४ रुपये येईल. दरमहा ५,७५५ रुपये सुटतात, आणि घरात आनंद होतो. परंतु २४० हप्त्यांची बेरीज ७२,५६,१६० रुपये होते, आणि जुन्या बँकेत राहून भरावयाच्या १८० हप्त्यांची बेरीज होती ६४,७८,०२०. म्हणजे दर कमी करून घेऊन त्याने पावणेआठ लाख रुपये अधिक देण्याचे कबूल केले, आणि स्थलांतराचा खर्च त्यावर वेगळा. नोकरी गेली, घरात दुखणे आले, मुलांच्या शिक्षणाचा भार एकदम पडला, अशा प्रसंगी हप्ता उतरवण्यासाठी हे मोल देणे विचारान्ती योग्य ठरू शकेल. पण ते मोल आहे हे जाणून द्यावे, बचत समजून देऊ नये.

ऋणाच्या नूतनीकरणाचा हा धोका महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवलेला आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखतांची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या रक्षणाचा होता, पण परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, जुन्या खतावरील थकलेले व्याज नव्यात मुद्दल होऊन बसू लागले, आणि प्रत्येक खत एकेकटे पाहिले तर रीतसर असले तरी साऱ्या खतांच्या मालिकेत कुणबी बुडून गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, आणि तो वणवा पुणे-अहमदनगर भागात पसरला. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कायद्याने न्यायालयांना असा अधिकार दिला की, त्यांनी पुढ्यातील खतावर न थांबता त्याच्या मागे जाऊन देवघेवीचा हिशेब आरंभापासून तपासावा. आजची बँक नियमांनी बांधलेली आहे आणि तिची तुलना त्या सावकारशाहीशी करणे अन्यायाचे होईल. पण नव्या खतामागे जाऊन सबंध हिशेब पाहण्याची जी दृष्टी त्या कायद्याने न्यायाधीशाला दिली, ती प्रत्येक ऋणकोने स्वतःच्या बाबतीत अंगी बाणवली पाहिजे. नवे करारपत्र हे नव्या व्यवहाराचा आरंभ नव्हे. ते जुन्याच देण्याचे पुढचे पान आहे.

प्रथम स्वतःच्या बँकेशी बोलावे

दुसऱ्या बँकेचे मंजुरीपत्र हाती आले की, पुष्कळांना आता जाणे क्रमप्राप्तच आहे असे वाटते. वस्तुतः त्या पत्राचा सर्वांत चांगला उपयोग आपल्याच बँकेत होतो. नियमित हप्ते भरणारा खातेदार गमावणे कोणत्याही बँकेला परवडत नाही, आणि बहुतेक संस्थांत काही शुल्क घेऊन आधारदर वा स्प्रेड बदलून देण्याची सोय असते. आपल्या शाखेला लेखी अर्ज द्यावा, त्यासोबत बाहेरचे मंजुरीपत्र जोडावे आणि उत्तरही लेखीच मागावे.

समजा, आपल्या गृहस्थाची बँक करासह ५,९०० रुपये घेऊन दर ९ वरून ८.४० वर आणते. पहिल्याच महिन्यात १,७७४ रुपये व्याज वाचते आणि चौथ्या महिन्यात शुल्क निघून जाते. बाहेरचा ८.२५ दर याहून स्वस्त आहे हे खरे; परंतु त्याचा अधिक लाभ महिन्याला केवळ ४४४ रुपयांचा, आणि त्यासाठी लागणारा जादा खर्च ३९,८०४ रुपयांचा. हा फरक भरून यावयास साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल, कारण मुद्दल उतरत जाईल तसतसे ते ४४४ रुपयेही घटत जातील. तेव्हा तुलना जुन्या दराची नव्या दराशी करावयाची नसून, आपली बँक उतरून देईल त्या दराची बाहेरच्या दराशी करावयाची असते. आणि या तुलनेत घरचा थोडा महाग दरही पुष्कळदा स्वस्त पडतो. बँकेने नकार दिला, किंवा नाममात्र कपात देऊन बोळवण केली, तर मात्र संकोच न धरता बाहेर पडावे. तो हक्क त्याचसाठी मिळालेला आहे.

बाहेरच्या दराचीही नीट पारख व्हावी. जाहिरातीतील दर आणि मंजुरीपत्रातील दर यांत अंतर पडते ते बहुधा सिबिल गुणांकामुळे. तीनशे ते नऊशेच्या या मापावर आपण कोठे आहोत हे अर्ज करण्यापूर्वी पाहून घ्यावे, कारण वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे, आणि एकाच महिन्यात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकले तर त्या चौकशांची नोंद त्याच अहवालात होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण देणे आवश्यक झाले आहे. त्यात फी वगैरे सर्व आकार मिळवून काढलेला वार्षिक टक्केवारीचा दर असतो. दोन प्रस्तावांची तुलना करावयाची ती या आकड्यांची, आणि मुदत सारखी ठेवून.

कागदपत्रांचा प्रवास

निर्णय झाला म्हणजे मूळ दस्तऐवजांचे स्थलांतर सुरू होते, आणि येथे सावधगिरीचे मोल सर्वाधिक असते. जुन्या बँकेकडून तीन कागद मागून घ्यावे लागतात: खात्याचा उतारा, फेडीची रक्कम दर्शवणारे फोरक्लोजर लेटर, आणि तिच्या ताब्यातील दस्तऐवजांची यादी. या यादीत मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन, त्यापूर्वीच्या मालकांच्या खरेदीखतांची साखळी आणि संस्थेचा भाग दाखला ही नावे एकेक करून तपासावीत. कर्ज घेतेवेळी दिलेला एखादा कागद यादीत नसेल तर तो प्रश्न त्याच दिवशी उपस्थित करावा, कारण एकदा खाते बंद झाले की त्याचा माग काढणे दुष्कर होते. नवी बँक धनादेश जुन्या बँकेच्या नावे, कर्जखात्याचा क्रमांक घालून काढते. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि बोजा उतरवणे हे धनको संस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई देण्याची तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे. तथापि नव्या बँकेला ते कागद मुदतीत न पोहोचल्यास काही ठिकाणी तोवर अधिक दराने व्याज लागते, म्हणून पाठपुरावा स्वतःच करावा.

दस्तऐवज मिळताना प्रत्येक पान यादीशी ताडून मगच पावतीवर सही करावी, बेबाकीचा दाखला घ्यावा, गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी असलेली जुन्या बँकेच्या बोजाची नोंद रद्द करवून घ्यावी, आणि केंद्रीय तारण नोंदवहीतही जुना बोजा उतरला की नाही याची खातरजमा करावी. नव्या तारणाचे सूचनापत्र तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल व्हावे लागते. नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर घर असेल, तर गहाणासाठी सिडकोच्या ना-हरकत पत्राचा वेळ आणि खर्च हिशेबात आधीच धरावा.

विमा, टॉप-अप आणि प्राप्तिकर

तीन आनुषंगिक बाबी राहिल्या. पहिली विम्याची. मूळ कर्जाबरोबर एकरकमी हप्त्याचा कर्जसुरक्षा विमा घेतलेला असेल तर तो जुन्या बँकेच्या नावे लावून दिलेला असतो; तो चालू ठेवून नव्या बँकेच्या नावे करता येतो काय, की परत करून काही रक्कम मिळते, याची विमा कंपनीकडे चौकशी करावी. नव्या बँकेने सुचवलेला नवा विमा कर्जाच्या रकमेतच मिळवला गेला तर त्या विम्यावरही पंधरा-वीस वर्षे व्याज भरावे लागते. कर्त्या माणसाला जीवनविमा असावा यात दुमत नाही. पण तो स्वतंत्रपणे, किमतीची तुलना करून घ्यावा.

दुसरी बाब टॉप-अपची. स्थलांतराच्या वेळी जादा पाच-दहा लाख सहज मिळतात, आणि दुरुस्तीच्या वा लग्नाच्या खर्चासाठी ते व्यक्तिगत कर्जापेक्षा स्वस्तही पडतात. परंतु दोन वर्षांत संपणाऱ्या खर्चाचे देणे पंधरा वर्षे घरावर बसवणे हिताचे नाही. घेणे अपरिहार्य असेल तर त्याची मुदत वेगळी आणि छोटी ठेवावी.

तिसरी बाब कराची. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते, आणि जुने कर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाच्या व्याजालाही ती लागू राहते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचे व्याज दोन्ही दरांनी दोन लाखांच्या वर असल्याने करात फरक पडत नाही. नव्या करप्रणालीत राहत्या घरासाठी ही वजावट नसल्यामुळे तेथे वाचलेले प्रत्येक रुपयाचे व्याज हे पूर्ण रुपयाचीच बचत आहे.

निर्णयाचा क्रम

आतापर्यंतचे विवेचन एका क्रमाने सांगावयाचे तर तो असा. प्रथम शिल्लक मुद्दल, दर आणि उरलेले हप्ते यांचे लेखी विवरण घ्यावे. मग आपल्या बँकेकडून दर उतरवून मागावा. मग बाहेरचा प्रस्ताव उरलेल्याच मुदतीसाठी मांडून घ्यावा, त्याचा सर्व खर्च रुपयांत लिहावा, आणि आपली बँक देईल त्या दरापेक्षा दरमहा वाचणाऱ्या व्याजाने त्या खर्चाला भागावे. येणारे महिने दोन-अडीच वर्षांच्या आत असतील, कर्ज पूर्वार्धात असेल आणि घर ठेवावयाचे असेल, तर जावे. त्याहून अधिक असतील तर तोच वेळ आणि तेवढेच पैसे मुद्दलाच्या आगाऊ फेडीला लावावेत, कारण त्या फेडीला फी नाही, मुद्रांक नाही आणि कोणाची मंजुरीही लागत नाही.

महाराष्ट्रातील शहरांत घर घेणारे कुटुंब आपल्या उमेदीची वीस वर्षे या एका देण्याला वाहते. त्या वर्षांतील दोन-तीन लाखांची बचत म्हणजे मुलाचे एक शैक्षणिक वर्ष किंवा वृद्ध आईवडिलांच्या औषधोपचाराची तरतूद असते. आणि ती एका संध्याकाळी, वही-पेन्सिल घेऊन, पती-पत्नींनी एकत्र बसून मांडलेल्या हिशेबातून हाती येण्याजोगी आहे. तो हिशेब प्रतिनिधीच्या तक्त्यावर सोपवू नये. आपले विवरण या आठवड्यातच मागवून घ्यावे.

(पुढील लेखांकी : अंशतः आगाऊ फेड – हाती आलेली रक्कम ठेवीत ठेवावी की कर्जात भरावी?)